मूठ आवळल्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या सुधारतात का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. वडील ५८ वर्षांचे, गावात किराणा दुकान, सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून. बीपी १५० च्या आसपास, टेल्मिसार्टनची एक गोळी चालू. आजोबा लकव्यानं गेले, त्यामुळे घरात धास्ती आहे. आईला गुडघ्यांमुळे चालणं होत नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या एका मजकुरात असं आलं की बसून राहणाऱ्या माणसानं मूठ आवळायचा व्यायाम केला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या सुधारतात. हे खरं का, आणि त्यासाठी दुकानात मिळणारा स्प्रिंगचा चिमटा घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या खेड्यांतले लकव्यानंतरचे रुग्ण उभे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. आधी उत्तर, मग कारणं. व्यायामाचा उपयोग आहे. तो मुख्यतः बीपीच्या वाटेनं मेंदूपर्यंत पोचतो. स्प्रिंगचा चिमटा घेऊ नका. आणि हा व्यायाम गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला करायचा आहे.

मोबाईलवरच्या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते, ती आधी सोडवू. एक म्हणजे मुठीची ताकद मोजणं. दुसरी म्हणजे मूठ आवळून धरण्याचा व्यायाम. ताकद मोजण्याबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास 'प्युअर' या नावाचा. तो २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात १७ देशांतली जवळजवळ १ लाख ४० हजार माणसं होती, भारतातलीही होती. मुठीची ताकद ५ किलोनं कमी असली तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी आणि लकव्याचा धोका ९ टक्क्यांनी जास्त दिसला. मृत्यूचा अंदाज बांधायला बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा मुठीची ताकद जास्त कामी आली, हे वाचून त्या वेळी आमच्या क्षेत्रातल्या लोकांनीही भुवया उंचावल्या होत्या. ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मधल्या माहितीतही कमजोर मूठ आणि पुढे येणारा स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला आहे.

पण यातून 'मूठ बळकट करा, मेंदू वाचेल' असं निघत नाही. मूठ कमजोर का असते? माणूस कमी हालतो, कमी प्रथिनं खातो, मधुमेहानं स्नायू झिजतात, लहानपणी कुपोषण झालेलं असतं, एखादा जुना आजार आतून पोखरत असतो. मुठीचा आकडा या सगळ्याची एकत्र बेरीज दाखवतो. नुसती बोटं बळकट करून ती बेरीज बदलत नाही. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये पुरुषासाठी २८ किलो आणि बाईसाठी १८ किलो ही सीमा ठरवली. त्याखाली आकडा आला तर मी हातात चेंडू देऊन मोकळी होत नाही. आधी जेवणाचं, साखरेचं, वजन उतरल्याचं विचारते आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठून दाखवा म्हणते.

व्यायामाची गोष्ट निराळी, आणि जुनी. अमेरिकेत रोनाल्ड वायली नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर काम करत होते. विमान झटक्यानं वळलं की मेंदूकडचं रक्त पायांकडे ओढलं जातं आणि वैमानिकाची शुद्ध जाते. स्नायू आवळून धरले की बीपी वर जातो आणि शुद्ध टिकते, यावर तो अभ्यास होता. त्यातून उलटीच गोष्ट त्यांच्या हाती आली. आवळताना बीपी वाढतो खरा, पण बेताच्या जोरानं आठवडेच्या आठवडे हा सराव केला तर एरवीचा, बसल्या जागचा बीपी खाली येतो. हे त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. सराव थांबवला की काही आठवड्यांत बीपी पुन्हा पहिल्या जागी येतो, हेही त्यातच आहे. मोबाईलवरचे मजकूर हे शेवटचं वाक्य नेमकं गाळतात.

आता मेंदू. शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्के. बसलेलो असू, झोपलेलो असू, याचा खर्च चालूच. साठा जवळपास नाही, म्हणून रक्त सतत आणि सारख्या दाबानं मिळायला हवं. त्यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्यांमध्ये स्वतःची व्यवस्था असते. सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या मध्ये कुठेही असला तरी त्या आकुंचन-प्रसरण करून आतला प्रवाह बराचसा सारखा ठेवतात. रक्तात कर्बवायू वाढला की त्या रुंदावतात. श्वास अर्धा मिनिट रोखून धरायला सांगून कानशिलावर डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारं यंत्र, लावला की प्रवाहाचा वेग किती वाढतो ते दिसतं. हे वाढणं म्हणजे रक्तवाहिनीची लवचीक तयारी. वर्षानुवर्षं बैठं आयुष्य, वाढलेला बीपी, साखर आणि तंबाखू यांनी ती तयारी मंदावते.

हीच डॉपलरची तपासणी विदर्भात आणखी एका कारणानं ऐकलेली असेल. आपल्याकडे सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त आहे, आणि त्या मुलांमध्ये लकव्याचा धोका आधीच ओळखायला कानशिलावरचा डॉपलर करतात. तिथे प्रवाहाचा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर धोक्याची घंटा, कारण अरुंद झालेल्या वाहिनीतून रक्त जोरानं धावतं. म्हणजे वेग जास्त दिसला की चांगलं, असा सरळ हिशेब नसतो. मोबाईलवर 'मेंदूचा रक्तपुरवठा वाढवा' असं दिसलं की मला हेच आठवतं. निरोगी माणसाच्या मेंदूला नुसतं जास्त रक्त नको असतं. गरज पडली की वाढणारं आणि दाब उसळला की आवरणारं रक्त हवं असतं.

मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या हा आपल्या प्रश्नाचा गाभा. तुमच्या भागात संत्र्याला ठिबक असेल तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. मुख्य पाइपातून बारीक नळ्या थेट काटकोनात निघतात. मधे पायरीपायरीनं लहान होत जाणाऱ्या नळ्या असत्या तर दाब वाटेत उतरला असता, पण इथे मुख्य पाइपातला दाब पहिल्याच नळीवर आदळतो. मेंदूच्या आत जाणाऱ्या बारीक धमन्या अशाच मोठ्या धमनीतून सरळ फुटतात. वर्षानुवर्षं १५०-१६० चा दाब सोसून त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. एखादी बंद पडते आणि ज्वारीच्या दाण्याएवढा मेंदू मरतो. कधी ती फुटते आणि मोठा लकवा होतो. वाहिनी बंद पडल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. चाल थोडी मंदावते, लघवीची घाई होते, उधारीचा हिशेब जमत नाही, घरचे म्हणतात बुढ्याचं वय झालं. एमआरआयमध्ये मात्र पांढरे डाग दिसतात.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण लकवा निघालं, १४.३ टक्के. ज्या जिल्ह्याचं नाव घेतलं की लोक मलेरिया आणि कुपोषण एवढंच बोलतात, तिथली ही स्थिती. दारव्ह्याची वेगळी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग मूठ आवळून धरल्यानं मेंदूतल्या त्या बारीक वाहिन्यांपर्यंत काय पोचतं? पूर्ण ताकदीच्या साधारण ३० टक्के जोरानं मूठ दोन मिनिटं धरली की हाताच्या स्नायूंमध्ये वाहिन्या थोड्या दबतात. स्नायू काम करतोय पण रक्त कमी मिळतंय, म्हणून तिथे टाकाऊ पदार्थ साचतात आणि जळजळ सुरू होते. मज्जातंतू मेंदूला कळवतात, बीपी हळूहळू वर चढतो. मूठ सोडली की रक्ताचा लोंढा येतो आणि वाहिनीच्या आतल्या अस्तरावर घासत जातो. त्या घासण्यानं अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडतं, वाहिनी सैलावते. आठवड्यातून तीनदा असं होत राहिलं की अस्तर सुधारतं, आणि शरीराची सतत ताणात राहायची सवय, म्हणजे सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर, उतरतो. एका हाताच्या व्यायामानं सबंध शरीराचा बीपी उतरतो तो याचमुळे. लोक विचारतात, "मूठ दाबून का होते जी मॅडम, मेंदू तं वर आहे." म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

पुरावा किती भक्कम, तेही सांगते. २०२३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. १५,८२७ माणसं. चालणं-सायकल यांसारख्या व्यायामानं वरचा बीपी सुमारे ४.५ नं उतरला. स्नायू एका जागी आवळून धरण्याच्या व्यायामांनी तो ८ च्या वर उतरला. त्यात मुठीचा व्यायामही होता आणि भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणंही होतं. वरच्या आकड्यापुरतं भिंतीचं बसणं मुठीच्याही पुढे होतं. अमेरिकेच्या २०१७ च्या बीपी मार्गदर्शक सूचनांत मुठीच्या व्यायामाचा उल्लेख आहे, आणि तिथला अंदाज सावध आहे, साधारण ५ चा उतार. मला हा सावध आकडा जास्त पटतो. आवळून धरण्याच्या चाचण्या चालण्याच्या चाचण्यांपेक्षा संख्येनं कमी आणि लहान आहेत, आणि २४ तास पट्टा बांधून मोजलं तर फरक कमी दिसतो असं काही चाचण्यांत आढळलंय.

५ म्हणजे थोडं वाटेल. पण औषधांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला हिशेब असा आहे की वरचा बीपी १० नं उतरला की लकव्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी होतो. ५ चा उतार त्या वाटेवरचा अर्धा टप्पा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. मेंदूच्या बाजूचा भक्कम पुरावाही बीपीच्याच वाटेनं येतो. 'स्प्रिंट' या अमेरिकी चाचणीत नऊ हजारांवर माणसं होती. वरचा बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये, १४० च्या खाली ठेवलेल्यांच्या तुलनेत, विसरभोळेपणाची सुरुवातीची अवस्था १९ टक्क्यांनी कमी दिसली, आणि मेंदूतले पांढरे डाग कमी वाढले. ते सगळं गोळ्यांनी झालं होतं, मुठीनं नव्हे. मूठ आवळण्याच्या सरावानंतर मेंदूच्याच वाहिन्या थेट मोजणारे अभ्यास अजून लहान, थोड्या लोकांवरचे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. म्हणून 'मेंदूच्या रक्तवाहिन्या नव्या होतात' असं कुणी म्हणालं तर पुढे सरका. 'बीपी उतरतो आणि त्यामुळे त्या वाहिन्यांवरचा मार कमी होतो' एवढं म्हणालं तर ऐका.

आता वडिलांनी करायचं कसं. आधी कोणत्या हातानं लिहितात ते सोडा, दोन्ही हात आलटून पालटून वापरू. खुर्चीत पाठ टेकवून बसायचं, पाय जमिनीला, कोपर मांडीवर किंवा काउंटरवर टेकलेलं. हातात मऊ रबरी चेंडू, किंवा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला नॅपकिन. दोन मिनिटं धरायचं, एक ते तीन मिनिटं सोडायचं, मग दुसरा हात. असं एकूण चार वेळा. सगळं मिळून अकरा ते सतरा मिनिटं लागतात. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. दुपारी बारा ते तीन गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गल्ल्यावर बसून होण्यासारखा हा एकच व्यायाम मला माहीत आहे.

जोर किती, इथेच सगळे चुकतात. पूर्ण ताकदीनं चिरडायचं नाही. उपकेंद्रात काट्याचं बीपी यंत्र असेल तर सिस्टरला विनंती करून एकदा मोजून घ्या. पट्ट्याची गुंडाळी करून मुठीत धरायची, २० पर्यंत हवा भरायची आणि ती पूर्ण जोरानं एकदा दाबायची. समजा काटा १८० वर गेला, म्हणजे वाढ १६०. तिच्या ३० टक्के म्हणजे ४८, म्हणून काटा ६८ च्या जवळ ठेवायचा. घरच्या डिजिटल यंत्रावर हे करू नका, ते त्यासाठी नाही. काट्याचं यंत्र नसेल तर दहापैकी तीन-चार इतका जोर धरा. पहिल्या अर्ध्या मिनिटाला 'यात काय एवढं' असं वाटलं पाहिजे आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाला कोपराखाली जळजळलं पाहिजे. मिनिटभरातच हात थरथरला तर जोर जास्त झाला. चार मिनिटंही सहज धरता येत असेल तर कमी झाला. स्प्रिंगच्या चिमट्याला मी नको म्हणते ते यासाठीच. त्याचा विरोध ठरलेला असतो, तुमच्या ३० टक्क्यांशी तो जुळेलच असं नाही, आणि तो हातात आला की माणूस कट-कट-कट दाबत बसतो. त्यानं पकड सुधारेल. आपल्याला धरून ठेवणं हवं आहे.

दुसरी गोष्ट श्वास, आणि ती जोरापेक्षाही महत्त्वाची. ओझं उचलताना आपण श्वास कोंडतो, ती सवय इथेही येते. कोंडलेल्या श्वासानं बीपी एकदम उसळतो आणि सोडल्यावर एकदम घसरतो. मेंदूच्या कडक झालेल्या वाहिन्यांना हे हेलकावे नको असतात. म्हणून मी माझ्या रुग्णांना दोन मिनिटं बोलायला लावते. कुणी हरिपाठ म्हणतो, कुणी उधारीची यादी वाचतो. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. आवळताना वरचा बीपी पंधरा-वीसनं वाढणं अपेक्षित आहे, त्याला घाबरू नका. डोकं दुखलं, छातीत दाटलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर मात्र सोडून द्यायचं आणि त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं.

कुणी करू नये, तेही ऐका. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधानं खाली आणायचा. गेल्या काही महिन्यांत लकवा किंवा हार्ट अटॅक झालेला असेल, मेंदूत किंवा पोटात धमनीला फुगा असल्याचं सांगितलेलं असेल, मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होत असेल, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, हर्निया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सिकलसेलचा आजार असलेल्यांनीही स्वतःच्या मनानं सुरू करू नये, कारण या व्यायामात स्नायूला काही वेळ रक्त कमी पडतं. आईला मात्र हा व्यायाम चांगला. गुडघ्यांवर भार नाही, घराबाहेर पडायची गरज नाही, आणि 'रस्त्यानं फिरत होती' म्हणून कुणी हासायची सोय नाही. भिंतीचं बसणं तिच्यासाठी नको, ते गुडघ्यांना जड जाईल. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर चेंडूऐवजी नॅपकिन, आणि जोर आणखी कमी.

'आमच्या गावात कोण बसून राहतं' असं मला हमखास ऐकवलं जातं. "मी तं दिवसभर उभाच रायतो जी, मले कसरत कायले?" हा पानठेलेवाल्याचा युक्तिवाद. उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायांमध्ये तर ५७ टक्के. आणि हे शहरापुरतं नाही. सोयाबीन आता हार्वेस्टरनं निघतं, वखरणी ट्रॅक्टरनं होते, वावरात जायला मोटरसायकल आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पावसाळ्यापर्यंत बरीच माणसं सावलीत बसून असतात, आणि त्या महिन्यांत सकाळी आठनंतर बाहेर चालणं शक्यही नसतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पार जातो. अशा दिवसांत घरात बसून होणारा व्यायाम कामाचा.

पण ज्या बायांचे हात आयुष्यभर कापूस वेचण्यात गेले, त्यांना बीपी का होतो? हा प्रश्न मला एका आशाताईनं विचारला होता, आणि तो सोपा नाही. वेचणीत बोटं चालतात, पण दोन मिनिटं सलग बेताचा जोर धरला जात नाही. घागर किंवा गाठोडं उचलताना जोर ३० टक्क्यांच्या कितीतरी वर जातो आणि श्वास कोंडलेला असतो. त्याशिवाय उन्हातली मजुरी, अपुरी झोप, मीठ आणि कर्जाची काळजी या गोष्टी हातांच्या कसरतीनं वजा होत नाहीत. ज्यांचं अंग कष्टानं आधीच थकलंय त्यांच्या हातात मी चेंडू देत नाही. त्यांचा बीपी मोजते आणि गोळ्यांसाठी पाठवते.

चालता येत असेल तर चालणं सोडून मूठ धरू नका. आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचा सल्ला अजूनही पहिला आहे. साखर, वजन, पायांचा जोर, झोप यांना मुठीच्या व्यायामानं फारसं काही मिळत नाही. वडिलांनी दुकान उघडण्याआधी वीस मिनिटं आणि बंद केल्यावर जेवणाआधी दहा मिनिटं चालावं, आणि मूठ दुपारी.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, न बोलता हे उत्तर पूर्ण होणार नाही. वडिलांच्या गल्ल्यावर खर्ऱ्याची पन्नी असेल तर मूठ आवळून मिळणारं बरंचसं त्यातच जाईल. तंबाखूतलं निकोटीन तासातासाला बीपी आणि नाडी वर ढकलतं आणि ज्या अस्तराला आपण सुधारू पाहतोय त्यालाच इजा करतं. सुपारीही निरुपद्रवी नाही. लोक मला म्हणतात की बिडी सोडली, आता फक्त खर्रा. वाहिन्यांना त्या 'फक्त'चा फारसा फायदा नाही. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या जेवणात मिळून. ठेचा, लोणचं, पापड, सांडग्याच्या मिरच्या आणि दुकानातले कुरकुरे यांत तो दुपारीच संपतो. ठेचा सोडा असं मी विदर्भातल्या माणसाला सांगत नाही, ऐकणारही नाही. ताटात वरून मीठ घेऊ नका आणि पापड-लोणच्यातलं एकच काहीतरी घ्या, एवढं ऐकतात.

सुरू करण्याआधी एक आठवडा घरी बीपी लिहून काढा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, आधी अर्धा तास चहा किंवा खर्रा नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, मधे एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. मूठ आवळल्यावर लगेच मोजू नका, तो आकडा वाढलेलाच येणार. मग आठ ते दहा आठवडे सराव करून पुन्हा तसाच आठवडा मोजा. मधे बीपी चांगला दिसला म्हणून टेल्मिसार्टन बंद करू नका. गोळी आणि व्यायाम मिळून ११० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, विशेषतः मे महिन्यात घाम गाळल्यावर, तर डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. बऱ्याच काळाचा जास्त बीपी एकदम खाली आणला तर मेंदूच्या वाहिन्यांनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो, हे लक्षात असू द्या.

आजोबा लकव्यानं गेले म्हणता, म्हणून हे एक घरातल्या सगळ्यांनी, दुकानात कामाला असलेल्या पोरानंही पाठ करावं. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड, यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेल चोळून घेण्यात आणि लकवा उतरवणाऱ्याच्या गावी जाण्यात ते तास जातात, आणि मग तो रुग्ण माझ्याकडे काठी धरायला शिकण्यासाठी येतो.

दहा आठवड्यांनंतर घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर व्यायाम आहे तसाच चालू ठेवा. वर असेल तर मुठीचा जोर किंवा वेळ वाढवत बसू नका. दोन्ही आठवड्यांचे आकडे लिहिलेला कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वडिलांना दुसरी गोळी लागणार असेल तर ती तिथे मोफत मिळते, आणि आईचाही बीपी त्याच फेरीत मोजून घ्या.